गोदीचा दरवाजा आणि पबचा दरवाजा

मद्यपानाविषयी बोलायचे म्हटले की धर्मोपदेशकाचे काम वरवर पाहता फार सोपे असते. दारूने संसार उद्ध्वस्त होतात, मुलांच्या तोंडचा घास जातो, शरीर खंगते आणि विवेक झोपी जातो. ही सारी विधाने खरी आहेत आणि ती ऐकताना श्रोत्यांच्या माना डोलतात. अडचण एवढीच की ज्याला उद्देशून हे बोलले जाते तो त्या वेळी समोरच्या बाकावर बहुधा नसतो. तो दुसऱ्याच एका खोलीत, दुसऱ्याच मंडळीत बसलेला असतो. त्या खोलीविषयी आणि तेथे जमलेल्या माणसांविषयी आपण क्वचितच विचार करतो. तो तेथे केवळ दारूसाठीच जातो काय? तेथे त्याला काय मिळते आणि त्याच्या मोबदल्यात काय द्यावे लागते? पेल्यातल्या द्रवाचा न्याय आपण पुष्कळदा केला. तो पेला ज्या मेजावर ठेवलेला असतो त्या मेजाचा न्याय कसा करावा, हा प्रश्न आम्ही येथे वाचकांपुढे मांडू इच्छितो.

त्यासाठी लंडन शहराच्या पूर्व भागातील गोदी कामगारांच्या वस्तीचे उदाहरण आम्ही निवडले आहे. इंग्लंडमध्ये ज्याला ‘पब्लिक हाऊस’ किंवा सुटसुटीतपणे ‘पब’ म्हणतात, ते आपल्याकडच्या गुत्त्याहून काहीसे वेगळे असते. नावाप्रमाणे ते सार्वजनिक घर असते; दारू विकण्याचा परवाना असलेले, पण बसण्या-बोलण्यासाठी सर्वांना खुले असलेले घर. गोदीच्या वस्तीत हे सार्वजनिक घर आणि कामाचे ठिकाण यांच्यामध्ये पुष्कळदा एका रस्त्याचेच अंतर असे. शिवाय तेथील कष्टकऱ्यांमध्ये कॅथलिक मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्या प्रश्नात आपल्या ख्रिस्तसभेच्या एका कार्डिनलांनी थेट हात घातला होता. त्यामुळे हा इतिहास आपल्यालाही परका नाही.

थेम्स नदीच्या काठी १८०२ साली वेस्ट इंडिया गोदी सुरू झाली, १८०५ साली लंडन गोदी, १८२८ साली सेंट कॅथरिन गोदी. पुढे १८५५ साली रॉयल व्हिक्टोरिया आणि १८८० साली रॉयल अल्बर्ट ह्या प्रचंड गोद्या उभ्या राहिल्या. वेस्ट इंडिज बेटांतून साखर आणि रम येई, युरोपातून वाईन आणि ब्रँडी येई. लंडन गोदीच्या भूमीखाली वाईनची पिंपे साठवण्याची विस्तीर्ण तळघरे होती. हा सारा माल पाठीवर वाहणारे लोक मात्र एका दोन खोल्यांत सारा संसार मांडून राहत. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि दुष्काळाने देशोधडीला लागलेली हजारो कॅथलिक कुटुंबे लंडन आणि लिव्हरपूल या बंदरांत येऊन स्थायिक झाली. वॉपिंग, लाइमहाऊस, पॉप्लर ही नावे त्यांच्या कष्टांशी कायमची जोडली गेली.

ह्या कामगारांच्या नशिबी कायमची नोकरी नव्हती. जहाज आले तर काम, नाही तर उपास. वारा उलटा वाहिला की शिडाची जहाजे समुद्रातच अडकत आणि काठावर हजारो चुली थंड राहत. रोज सकाळी गोदीच्या दरवाजापाशी माणसांची झुंबड उडे. मुकादम हव्या तितक्या माणसांना बोट दाखवून आत घेई आणि उरलेले परत फिरत. कामगारांचे पुढारी बेन टिलेट यांनी हा अनुभव स्वतः घेतला होता. पिंजऱ्यात कोंडल्याप्रमाणे माणसे एकमेकांच्या अंगावर चढत, कपडे फाटत, जखमा होत, असे वर्णन त्यांनी करून ठेवले आहे. काम मिळाले तरी ते कधी कधी तासा-दोन तासांचेच असे. सकाळी काम न मिळालेल्या माणसाला दुपारच्या भरतीसाठी पुन्हा हजर राहावे लागे. मधला वेळ काढायचा कोठे? घर दूर नसले तरी घरी बसायला जागा नसे. बाहेर पाऊस आणि धुके. अशा वेळी ज्या दरवाजाआड शेकोटी पेटलेली असे, दिवा लागलेला असे आणि ओळखीचे चेहरे असत, तो दरवाजा पबचा होता.

त्या खोलीत त्याला काय मिळे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. कोणते जहाज कोणत्या धक्क्याला लागणार आहे ही बातमी तेथे कळे. वर्तमानपत्र तेथे असे आणि ज्याला वाचता येत नसे त्याला ते दुसऱ्याकडून ऐकता येई. आजारपणात मदत करणाऱ्या आणि मर्तिकाच्या खर्चासाठी दर आठवड्याला थोडे थोडे पैसे जमवणाऱ्या मंडळ्या पुष्कळदा पबच्याच माडीवर भरत. एखादा कामगार फळीवरून घसरून नदीत बुडाला तर त्याच्या मृत्यूची अधिकृत चौकशीदेखील त्या काळी अनेकदा पबमध्येच होई आणि त्याच्या विधवेसाठी टोपी तेथेच फिरे. कामगाराला बँक नव्हती, क्लब नव्हता, दिवाणखाना नव्हता; ह्या तिन्हींची उणीव भरून काढणारी ती एकच खोली होती. शेजारधर्म हा शब्द आपण मोठ्या आदराने उच्चारतो. त्या वस्तीत शेजारधर्माचे पुष्कळसे व्यवहार बिअरच्या वासातच पार पडत, हे सत्य आपल्याला आवडो वा न आवडो, नाकारता येत नाही.

परंतु याच खोलीची दुसरी बाजू अत्यंत भीषण होती. न्यूकॅसलहून लंडनला येणाऱ्या जहाजांतला कोळसा उपसणारे कामगार होते. नऊ जणांची एक टोळी असे. चौघे जहाजाच्या पोटात उतरून टोपल्या भरत, चौघे वरून दोरीला धरून एकदम उडी घेत आणि आपल्या वजनाने टोपली वर खेचत, नववा ती रिकामी करी. दिवसभर असे उड्या मारणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी. हे काम मिळत असे ते नदीकाठच्या पबवाल्यांकडून. जहाजाच्या कप्तानाशी पबवाल्याचे संधान असे आणि टोळी कोणती न्यायची हे पबवाला ठरवी. जो त्याच्या दुकानात अधिक पिई त्याला आधी काम. कामाच्या आदल्या रात्री प्यायचे, कामावर जाताना त्याचीच दारू न्यायची आणि मजुरीही त्याच्याच मेजावर घ्यायची. हिशेब चुकता झाला की हातात उरे ते किती? हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८४९-५० साली ह्या कामगारांच्या तोंडून त्यांची हकिगत ऐकून ती लिहून ठेवली. ज्याला प्यायचे नसे त्यालाही प्यावे लागे, निदान विकत घेऊन ओतून द्यावे लागे. कारण रिकामा पेला म्हणजे रिकामी चूल.

१८४३ साली ब्रिटिश पार्लमेंटने ह्या कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्या वेळी व्यापार मंडळाचे प्रमुख असलेले ग्लॅडस्टन, जे पुढे पंतप्रधान झाले, यांनी त्यात पुढाकार घेतला. कामगारांची नोंदणी करणारी सरकारी कचेरी उघडली गेली. काम क्रमवारीने मिळू लागले आणि मजुरी त्या कचेरीतच हाती पडू लागली. हा कायदा १८५६ पर्यंत चालला. मेह्यूने ज्यांना विचारले त्यांनी ह्या बदलाबद्दल कृतज्ञता व्यक्त केली होती. त्यांच्यातले काही जण तर दारू पूर्णपणे सोडून हेच कष्टाचे काम करत होते. दारूवाचून असले काम होतच नाही, ही जुनी समजूत त्यांनी आपल्या देहाने खोटी पाडली. पुढे १८८३ साली आणखी एक कायदा झाला आणि कामगारांची मजुरी पबमध्ये देण्यास सर्वसाधारण बंदी आली.

येथे नीतिशास्त्राच्या दृष्टीने थोडे थांबले पाहिजे. एखादे कृत्य गंभीर पाप ठरण्यासाठी विषय गंभीर असावा लागतो, कर्त्याला त्याची पूर्ण जाणीव असावी लागते आणि त्याची पूर्ण संमती असावी लागते, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गातच शिकलो. संत थॉमस अक्वायनस यांनी मद्यासक्तीचा विचार करताना हीच काळजी घेतली आहे. वाईन ही वस्तू स्वतः निषिद्ध नाही. काना गावच्या लग्नात प्रभूने जे पाण्याचे केले ते निषिद्ध असूच शकत नाही. मात्र मर्यादा ओलांडतो आहोत हे ठाऊक असूनही जो माणूस जाणूनबुजून आपली बुद्धी बुडवून टाकतो, तो देवाने दिलेल्या सर्वश्रेष्ठ देणगीचा अव्हेर करतो, म्हणून त्याचा दोष मोठा. आता हा निकष कोळसेवाल्या मजुराला लावून पाहा. त्याच्या संमतीचे काय? पेला त्याच्या हातात होता, पण त्याची मजुरी, त्याचे उद्याचे काम आणि त्याच्या मुलांची भाकर पबवाल्याच्या हातात होती. त्याच्या पापाचा वाटा कमी होतो, नाहीसा होत नाही; परंतु जो कमी होतो तो हवेत विरत नाही. तो पबवाल्याच्या, कप्तानाच्या आणि ही व्यवस्था मुकाट्याने चालू देणाऱ्या सभ्य समाजाच्या पदरात जाऊन पडतो. पिणाऱ्याचा न्याय करणाऱ्याने आधी त्याची मजुरी कोणाच्या हातात आहे हे विचारले पाहिजे, असे आम्हांला वाटते ते यासाठीच.

परंतु म्हणून पब स्वतंत्र झाला, मुकादम आणि पबवाला यांची युती तुटली, तर सारे ठीक झाले काय? तसे नाही. स्वेच्छेने आत आलेल्या माणसाच्या पाठीमागे एक घर असते. पबची मैत्री कितीही उबदार असली तरी तिचा खर्च त्या घराच्या तिजोरीतून होई. एकाने सर्वांना पाजायचे, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, अशी तेथील रीत. ह्या रीतीत एक उदारपणा आहे आणि एक सापळाही आहे. सहा जण बसले की सहा पेले ठरलेलेच. मधून उठणारा कंजूष ठरतो. सोबत्यांपुढे मानी राहण्यासाठी माणूस बायकोपुढे कर्जबाजारी होतो. सोमवारी नवऱ्याचा रविवारचा कोट गहाण टाकायचा आणि शनिवारी सोडवायचा, हे चक्र त्या वस्तीतल्या बायकांना पाठ झाले होते. मुलांना जग देऊन बिअर आणायला पाठवण्याची चाल इतकी रुळली होती की अखेर १९०१ साली चौदा वर्षांखालील मुलांच्या हाती उघड्या भांड्यात दारू विकण्यास कायद्याने मनाई करावी लागली.

संत पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात जो संताप व्यक्त केला आहे, तो येथे आठवतो. ती मंडळी प्रभूभोजनासाठी एकत्र जमत असे, पण त्यांच्यातला एक उपाशी राही आणि दुसरा पिऊन मस्त होई. अशा जमण्याला प्रभूचे भोजन म्हणता येणार नाही, असे पौलाने त्यांना स्पष्ट बजावले. त्याचा आक्षेप पिण्यावर आहेच, पण त्याहून अधिक तो त्या दोघांमधल्या अंतरावर आहे. गोदीच्या वस्तीत हे अंतर एका मेजावरचे नव्हते. ते पब आणि घर यांच्यामधल्या रस्त्याएवढे होते. म्हणून मैत्रीची जागा चांगली की वाईट, हे आत बसलेल्यांच्या हास्यावरून ठरवता येत नाही. बाहेर वाट पाहणाऱ्यांना तिच्यात काही वाटा आहे काय, यावरून ते ठरते.

चार्ल्स डिकन्स यांच्या १८६४-६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीत थेम्सकाठचा एक पब आहे. लाइमहाऊसमधील ‘द ग्रेप्स’ हा आजही उभा असलेला पब त्याचा नमुना असावा, असे मानले जाते. त्या पबची मालकीण मोठी करारी बाई आहे. कोणी किती प्यायचे हे ती ठरवते आणि वेळ झाली की एकेकाला नावाने हाक मारून घरी पिटाळते, कारण त्याच्या बायकोला तिने तसा शब्द दिलेला असतो. ही कादंबरीतली बाई आहे हे खरे. पण धंद्याच्या गल्ल्यावर बसूनही गिऱ्हाइकाचे घर तिच्या नजरेसमोरून हलत नाही. कोळसेवाल्यांचा पबवाला आणि ही मालकीण दोघेही दारूच विकतात. एकाने माणसाला घरापासून तोडले, दुसरी त्याला घराकडे लावून देते. ह्या दोन खोल्यांना एकाच मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही.

ख्रिस्तसभेने ह्या प्रश्नाकडे पाठ फिरवली नाही. आयर्लंडमधील कॉर्क येथे कपुचिन संघाचे फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ साली मद्यत्यागाची चळवळ आरंभली; लाखो लोकांनी त्यांच्यापुढे शपथ घेतली आणि १८४३ साली ते इंग्लंडमध्येही येऊन गेले. लिव्हरपूलमध्ये फादर जेम्स न्यूजंट हे वॉल्टन तुरुंगाचे कॅथलिक धर्मगुरू होते. दारूने तुरुंगापर्यंत आणलेली माणसे ते रोज पाहत होते; त्यांनी त्या शहरात मद्यत्यागाचे मोठे काम उभे केले. लंडनमध्ये आर्चबिशप हेन्री एडवर्ड मॅनिंग यांनी १८७० नंतरच्या दशकात ‘लीग ऑफ द क्रॉस’ ही संघटना चालवली आणि स्वतः दारू कायमची वर्ज्य केली. श्रीमंताने गरिबाला संयम शिकवायचा आणि स्वतः जेवणाबरोबर वाईन घ्यायची, हे त्यांना पटणारे नव्हते.

तरीही केवळ शपथेने प्रश्न सुटत नव्हता. लिव्हरपूलच्या जहाज व्यवसायातून आलेले चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या गरिबीची जी प्रसिद्ध पाहणी केली तिचा पहिला खंड १८८९ साली निघाला. सुमारे ४,००० गरीब कुटुंबांच्या स्थितीची कारणे त्यांनी तपासली. दारू आणि तत्सम सवयी हे मुख्य कारण असलेली कुटुंबे शंभरात तेरा-चौदा निघाली. अनिश्चित काम आणि अपुरी मजुरी हे कारण असलेली निम्म्याहून अधिक. पितो म्हणून गरीब आहे, असे ज्याच्याविषयी सहज म्हटले जाई, तो पुष्कळदा गरीब होता म्हणून त्या खोलीत येऊन बसला होता.

त्याच वर्षी, १४ ऑगस्ट १८८९ रोजी, लंडनच्या गोदी कामगारांनी काम बंद केले. त्यांची मुख्य मागणी होती तासाला सहा पेन्स, म्हणजे चालू मजुरीपेक्षा एक पेनी अधिक, आणि एकदा कामावर घेतले की निदान चार तासांचे काम. संपाच्या समितीला बसायला जागा हवी होती. ती मिळाली पॉप्लरमधील ‘वेड्स आर्म्स’ नावाच्या पबमध्ये. गंमत अशी की पुढाऱ्यांपैकी जॉन बर्न्स दारूला स्पर्शही न करणारे होते. ज्या खोल्यांमध्ये कामगाराची मजुरी वर्षानुवर्षे वाहून गेली होती, तशाच एका खोलीत ती मजुरी वाढवण्याचे हिशेब मांडले गेले, पत्रे लिहिली गेली, सभांचे बेत ठरले. ऑस्ट्रेलियातील लोकांनी सुमारे ३०,००० पौंडांची मदत पाठवली तेव्हा हजारो कुटुंबे तग धरू शकली.

कार्डिनल मॅनिंग त्या वेळी ८१ वर्षांचे होते. त्यांचे वडील वेस्ट इंडिज व्यापारातले बडे व्यापारी आणि बँक ऑफ इंग्लंडचे एके काळचे गव्हर्नर. म्हणजे जन्माने ते गोदीच्या मालकांच्या बाजूचे. ते स्वतः मालकांकडे गेले, तडजोडीसाठी खेटे घातले आणि १० सप्टेंबर रोजी पॉप्लरमधील कर्बी स्ट्रीटच्या कॅथलिक शाळेत संप समितीपुढे जाऊन बसले. तासन् तास बोलणी चालली. तेथे हजर असलेल्यांनी नोंदवले आहे की त्यांच्या उंचावलेल्या हाताच्या वर पवित्र मरिया आणि बाळ येशू यांची कोरीव प्रतिमा होती आणि ते कामगारांच्या बायका-मुलांसाठी कळवळून बोलत होते. अखेर ४ नोव्हेंबरपासून सहा पेन्स देण्याचे मालकांनी मान्य केले आणि १६ सप्टेंबरला गोद्या पुन्हा सुरू झाल्या. पोप लिओ तेरावे यांचे कामगारांच्या हक्कांविषयीचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक १८९१ साली निघाले. न्याय्य वेतनाचा जो आग्रह त्यात आहे तो मॅनिंग यांनी लंडनच्या रस्त्यात आधीच धरला होता. जानेवारी १८९२ मध्ये ते निवर्तले तेव्हा अंत्ययात्रेच्या वाटेवर गोरगरिबांची अलोट गर्दी लोटली होती.

ह्या घटनेत आमच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे, असे आम्हांला वाटते. दारू सोडा, असे आयुष्यभर सांगणारा हा धर्मगुरू, ज्या कामगारांचे मुख्य ठाणे पबमध्ये होते त्यांच्याकडे पाठ फिरवून बसला नाही. आधी पबमधून उठून या, मग तुमचा न्याय पाहू, असे त्याने म्हटले नाही. संयम आणि न्याय ही दोन वेगळी सद्गुणांची नावे आहेत, पण ती एकाच माणसाच्या जीवनात नांदायची असतात. पोटभर मजुरी नसलेल्या माणसाला फक्त संयम शिकवणे म्हणजे त्याच्यावर आणखी एक ओझे लादणे. आणि मजुरी मिळवून देऊन संयमाविषयी मौन पाळणे म्हणजे ती वाढीव पेनी पुन्हा गल्ल्यात जाऊ देणे.

यावर कोणी आक्षेप घेईल की अशाने पिणाऱ्याला सबब मिळते. परिस्थितीने प्यायला लावले, मी काय करू, असे म्हणायला तो मोकळा होतो. हा आक्षेप हलका नाही. त्याच वस्तीत, त्याच मुकादमाच्या हाताखाली, तेवढ्याच मजुरीत कित्येक जण न पिता जगत होते आणि त्यांच्या निर्धाराचा अपमान आपण करता कामा नये. बूथ यांच्या शंभरातल्या तेरा-चौदा घरांसाठी दारू हेच सर्वस्वी संकट होते. त्या घरातल्या आईला उरलेल्या आकड्यांनी काय दिलासा मिळणार? माणसाची इच्छाशक्ती परिस्थितीने दुबळी होते, पण मरत नाही. ती मेली असे मानणे हा गरिबाचा सर्वांत मोठा अपमान आहे. म्हणूनच आम्ही दोष पुसून टाकत नाही. तो ज्याचा जेवढा आहे तेवढा त्याच्याकडे सोपवावा, एवढेच म्हणतो.

पुढची हकिगतही बोधप्रद आहे. १९४७ साली ब्रिटनमध्ये गोदी कामगारांची राष्ट्रीय नोंदणी योजना आली. १९६७ साली रोजच्या भरतीची पद्धत मोडीत निघून त्यांना कायमची नोकरी मिळाली. जवळजवळ शंभर वर्षांच्या झगड्याचे हे फळ. आणि ते हाती येते न येते तोच कंटेनर आले. ईस्ट इंडिया गोदी १९६७ साली बंद झाली, सेंट कॅथरिन १९६८ साली, लंडन गोदी १९६९ साली, वेस्ट इंडिया १९८० साली आणि रॉयल गोद्या १९८१ साली. जहाजे गेली, कामगार पांगले आणि कोपऱ्याकोपऱ्यावरचे पब एकामागून एक बंद पडले. काही जुने पब प्रवाशांना दाखवायची ठिकाणे झाली. मग दारू थांबली काय? आज ब्रिटनमध्ये पबपेक्षा दुकानांतून घरी नेली जाणारी दारू अधिक खपते. म्हणजे पेला उरला, मेज गेले. घरी एकट्याने पिणाऱ्याला नावाने हाक मारून पुरे म्हणणारे कोणी नाही आणि त्याचे दुखणे-खुपणे विचारणारेही कोणी नाही.

हा इतिहास आपल्या किनाऱ्याशीही जोडलेला आहे. ह्याच लंडनच्या गोद्यांत मुंबईहून जाणाऱ्या बोटींवर गोव्याचे खलाशी, आचारी आणि खानसामे मोठ्या संख्येने असत. मुंबईत बोटीची वाट पाहत असताना त्यांना उतरायला धोबीतलाव आणि माझगावच्या परिसरात गावागावांचे ‘कूड’ होते. गावच्या नावाचा क्लब, भिंतीशी वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हटलेली जपमाळ, ट्रंक ठेवायला जागा आणि गावची खबर. काम नसलेल्या माणसाला सोबत लागते, हे ओळखून गरिबांनी स्वतःच्या वर्गणीतून उभारलेली ती खोली होती. आपल्या मुंबईच्या गोदीतही काम टोळीवाल्यांमार्फत मिळे आणि मजुरीला मध्येच गळती लागे. १९४८ च्या गोदी कामगार कायद्यानंतर तेथे नोंदणीची व्यवस्था आली. आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने गुत्ते बंद झाले तेव्हा दारू बंद न होता मागच्या दाराने वाहू लागली, हेही जुन्या पिढीला ठाऊक आहे. बेकायदा दारूची ही वाट किती भयंकर असते ते २०१५ साली मालवणीत दिसले. विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि ती बहुतेक हातावर पोट असणारी होती.

म्हणून आपल्या धर्मग्रामातला एखादा तरुण किंवा एखादा कर्ता पुरुष रोज संध्याकाळी कोठे जातो, याची चौकशी करताना तो काय पितो एवढ्यावरच आपण थांबू नये. त्याच्या कामाची आणि मजुरीची स्थिती काय आहे, ज्या मंडळीत तो बसतो ती त्याचे घर जाणते काय, आणि तेथून उठून त्याने यायचे ठरवले तर त्याच्यासाठी दुसरी कोणती खोली उघडी आहे, हेही विचारावे. आपली सभागृहे लग्नसमारंभांना उघडतात, सभांना उघडतात. बाकीच्या संध्याकाळी त्यांना कुलूप असते. तेथे आठवड्यातून काही संध्याकाळी दिवा लागावा, कॅरम आणि वर्तमानपत्रे असावीत, नोकरी गेलेल्याला कामाची खबर मिळावी, आजाऱ्यासाठी आणि मयताच्या घरासाठी मदतीची पेटी असावी, आणि तेथे पुरुषांबरोबर त्यांच्या घरच्या मंडळींनाही मानाने बसता यावे. दारू सोडलेल्यांच्या सभांना आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यांना तर तेथे पहिला मान मिळावा. खर्चाच्या मानाने हे काम लहान आहे, पण त्याला रोज कुलूप काढणारा एक माणूस लागतो. असा माणूस आपल्या धर्मग्रामात कोण होऊ शकेल, याचा विचार पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत व्हावा, अशी आमची विनंती आहे.